मर्यादा कोणी घालायची? कारखान्याने की श्रावकाने?



आजचा विषय आपल्या स्वयंपाकघरातला नाही, पण आपल्या जेवणाच्या टेबलापर्यंत येऊन पोचला आहे. घरातली मुलं, जावई, पुतणे हल्ली जेवताना एक शब्द फार वापरतात: लिमिटेड एडिशन. म्हणजे कंपनीने आधीच जाहीर केलेलं असतं की ही गाडी आम्ही इतक्याच बनवणार, त्याच्या पुढे एकही नाही. आणि मग वाक्य येतं, "हा खर्च नाही, गुंतवणूक आहे. दहा वर्षांनी बघा, संग्राहक दुप्पट देऊन घेऊन जातील."

मला या वाक्याशी भांडायचं आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. हे बोलणं व्यापाराच्या हिशोबाने कच्चं आहे आणि धर्माच्या हिशोबाने उलटं आहे.

"गाड्यांमधलं तुम्हाला काय कळतं?" असं कुणी म्हणेल. इंजिनमधलं कळत नाही, खरं आहे. पण मी कॉमर्सची पदवीधर आहे आणि चाळीस वर्षं घराची वही लिहिते आहे. शिवाय, आपल्यापैकी किती जणी घरच्या फर्ममध्ये कागदोपत्री भागीदार आहेत, किती जणींची सही बँकेच्या कर्जाला जामीन म्हणून आहे, ते एकदा मोजा. जिथे सही आपली, तिथे विचारण्याचा हक्कही आपला.

आधी आकड्यांचं बघू.

फेरारी ही इटलीची कंपनी या खेळातली सगळ्यात जुनी गुरू. संस्थापक एंझो फेरारी यांच्या नावावर एक धोरण सांगितलं जातं: बाजाराला जितक्या गाड्या हव्यात त्याहून एक कमी बनवायची. आपल्या बाजारपेठेतल्या कुठल्याही जुन्या दुकानदाराला हे नवं वाटणार नाही. माल थोडा कमी दाखवला की गिऱ्हाईक घासाघीस करत नाही. फरक इतकाच, की आपला दुकानदार त्याला युक्ती म्हणतो आणि तिकडे त्याला वारसा म्हणतात.

पण ती "एक कमी" किती लवचिक आहे ते पाहा. १९८७ साली फेरारीने कंपनीच्या चाळिसाव्या वर्षानिमित्त एफ-४० ही गाडी आणली. सुरुवातीला सुमारे ४०० बनवायचं ठरलं होतं. मागणी इतकी आली की शेवटी तेराशेच्या वर बनल्या. २००२ साली एंझो नावाची गाडी आली. आधी ३४९ ठरल्या होत्या, त्याच्या ३९९ झाल्या. त्यावर आणखी एक, चारशेवी, बनवून पोप जॉन पॉल दुसरे यांना दिली. तिचा २००५ मध्ये लिलाव झाला आणि पैसे त्सुनामीग्रस्तांसाठी गेले. पुढे लाफेरारी ४९९ म्हणून जाहीर झाली. पाचशेवी बनवून २०१६ च्या डिसेंबरात अमेरिकेत ७० लाख डॉलरला विकली, ते पैसे इटलीतल्या भूकंपग्रस्तांसाठी. शिवाय त्याच गाडीचं उघड्या टपाचं रूप वेगळं काढलं, ते निराळंच. आणि २०२४ मध्ये एफ-८० जाहीर झाली, संख्या ७९९, किंमत सुमारे ३६ लाख युरो.

संकटात सापडलेल्यांना मदत मिळाली, त्याची अनुमोदनाच आहे. दानाला कोण नाव ठेवेल? पण एक गोष्ट लक्षात घ्या. जी संख्या दानासाठी वाढवता येते, मागणी आली म्हणून वाढवता येते, वेगळं टप लावून वाढवता येते, ती कंपनीने ठरवलेली संख्या आहे. तिच्या आत निसर्गाची कुठलीही टंचाई नाही. मोत्यासारखी ती समुद्रातून शोधून आणावी लागत नाही. उद्या सकाळी संचालक मंडळाने ठरवलं तर यंत्रं पुन्हा चालू होतात.

एका मॉडेलचं सोडा, पूर्ण कंपनीचं बघा. २०१३ साली फेरारीने जाहीर केलं की दुर्मिळता टिकावी म्हणून वर्षाला सात हजारांपेक्षा कमी गाड्या विकू. त्या वर्षी त्यांनी ६,९२२ दिल्या. दोन वर्षांनी कंपनी अमेरिकेच्या शेअर बाजारात उतरली. शेअरधारकांना वाढ हवी असते. २०२४ साली त्यांनी १३,७५२ गाड्या दिल्या. अकरा वर्षांत दुर्मिळता जवळपास दुप्पट झाली, मैत्रिणींनो! कंपनीची चूक नाही. ती धंदा करते आहे. चूक त्याची, जो दुसऱ्याच्या धंद्याच्या धोरणाला आपल्या घराची ठेव समजतो.

अमेरिकेतल्या फोर्ड कंपनीचं उदाहरण तर याहून मजेशीर. २०१६ मध्ये त्यांनी फोर्ड जीटी या गाडीसाठी अर्ज मागवले. पहिल्या ५०० गाड्यांसाठी ६,५०६ अर्ज आले. ज्यांना मिळाल्या ते धन्य झाले. मग कंपनीने ५०० च्या १,००० केल्या आणि पुढे १,३५०. ज्यांनी "पाचशेतला एक" म्हणून अर्ज भरला, ते साडेतेराशेतले एक झाले. वर आणखी अट अशी, की दोन वर्षं गाडी विकायची नाही. जॉन सीना या कुस्तीपटू-अभिनेत्याने ती लवकर विकली म्हणून कंपनीने २०१७ मध्ये त्याच्यावर दावा लावला. पुढच्या वर्षी तडजोड झाली.

आता मला सांगा, साडेचार लाख डॉलर मोजून घेतलेली वस्तू मी कधी विकायची हे दुसरा ठरवणार असेल, तर मी मालक की राखणदार? आपल्याकडे घर घेताना कागदावर अशी अट दिसली असती तर सासऱ्यांनी कागद टेबलावर आपटला असता.

"पण भाव तर वाढतातच ना?" हो, काहींचे वाढतात. ते नाकारायचं नाही. म्हणून सगळ्यात मोठं उदाहरणच घेऊ. फेरारी २५० जीटीओ ही १९६२ ते १९६४ या काळात बनलेली गाडी. एकूण ३६. नवी असताना अमेरिकेत सुमारे १८,००० डॉलरला होती. २०१८ च्या ऑगस्टमध्ये त्यातली एक कॅलिफोर्नियाच्या लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. चक्रवाढीने हिशोब केला तर ५६ वर्षं दर साल सुमारे १५ टक्के. उत्तम परतावा, मी मान्य करते.

पण तो कुणाला मिळाला? ही रेसची गाडी होती. शर्यतीत तिच्याहून नव्या गाड्या आल्या तशी ती जुनी, वापरलेली म्हणून विकली गेली. साठच्या दशकाच्या अखेरीस तर काही हजार डॉलरला मिळत होती. ज्यांनी ती नवी घेतली त्यांनी शर्यतीसाठी घेतली होती, ठेवण्यासाठी नाही, आणि बहुतेकांनी ती स्वस्तात देऊन टाकली. आणि ३६ च का बनल्या? लोकांना भुलवायला कुणी ३६ हा आकडा छापला नव्हता. शर्यतीसाठी हव्या होत्या तितक्या बनवल्या.

ब्रिटनची मॅक्लारेन एफ-१ तशीच. नव्वदच्या दशकात सुमारे ३०० बनवायचा विचार होता. इतक्या महाग गाडीला तेवढे गिऱ्हाईकच मिळालं नाही. १०६ वर काम थांबलं. आज तिच्या एकेकीला दोन कोटी डॉलरच्या घरात किंमत येते. म्हणजे ज्या गाड्या खरोखर दुर्मिळ ठरल्या, त्यांच्यावर जन्माच्या वेळी "दुर्मिळ" अशी पाटी नव्हती. एक कामापुरती बनली, दुसरी खपली नाही. दुर्मिळपणा मागाहून आला. ज्यावर पाटी आधीच लावलेली आहे, तिथे दुर्मिळपणाची किंमत विकणाऱ्याने पहिल्याच दिवशी आपल्याकडून वसूल केलेली असते. मग वाढायला उरलं काय?

आणि संख्या लहान म्हणून भाव मोठा, हेही खरं नाही. जॅग्वार एक्सजे-२२० ची गोष्ट प्रत्येक बापाने मुलाला सांगावी अशी आहे. १९८८ मध्ये बर्मिंगहॅमच्या प्रदर्शनात ती दाखवली, बारा सिलिंडरचं इंजिन, चारही चाकांना ताकद. साडेतीनशेच्या आतच बनवणार म्हटल्यावर लोकांनी ५०-५० हजार पौंड अनामत भरली, आणि भरणारे होते गाड्यांच्या कितीतरी पट. त्यातल्या पुष्कळांना गाडी चालवायची नव्हतीच, हातात येताच नफ्याने विकायची होती. मग १९९० ची मंदी आली. प्रत्यक्ष गाडी आली ती सहा सिलिंडरची आणि मागच्या दोन चाकांवर चालणारी, आणि किंमत मात्र वाढलेली. लोक मागे हटू लागले, प्रकरणं कोर्टापर्यंत गेली, करारातून सुटायला काहींनी पैसे मोजले. शेवटी तीनशेपेक्षा कमी बनल्या, त्यातल्या काही वर्षानुवर्षं पडून होत्या. आज तीनशेपेक्षा कमी असलेली ही जॅग्वार तेराशेहून जास्त असलेल्या एफ-४० च्या एका अंशात मिळते. संख्येने भाव ठरत असता तर उलटं दिसायला हवं होतं.

एफ-४० च्या भावालाही त्याच मंदीने आपटलं होतं. १९९० मध्ये ब्रिटनमध्ये एकीला सुमारे दहा लाख पौंड आले होते. नंतर भाव कोसळले, आणि पुन्हा वर यायला कित्येक वर्षं गेली. ज्याला मधल्या काळात मुलीचं लग्न होतं किंवा बँकेचा हप्ता होता, तो थांबू शकला नाही. बाजार परत वर येतो हे खरं, पण तो आपल्या सोयीने येत नाही.

पोर्शे ९११ आर चं तर एका वर्षात झालं. २०१६ मध्ये ९९१ गाड्या बनवल्या, हाताने गिअर टाकायची. लोक मूळ किमतीच्या दुप्पट-तिप्पट मागू लागले. पुढच्याच वर्षी कंपनीने नेहमीच्या जीटी-३ मध्ये हाताचा गिअर परत आणला, वर साध्या दिसण्याचं टूरिंग रूपही काढलं. ज्याला तशी गाडी चालवायची होती त्याला ती मिळाली आणि ९११ आर चे चढलेले भाव उतरले. कंपनीने कुणाला फसवलं नाही. वचन त्या नावाच्या गाडीचं होतं, त्या आनंदाचं नव्हतं.

आता आपल्या देशाचा हिशोब. परदेशातून अशी गाडी आणायची तर आयात शुल्क, त्यावर जीएसटी, मग नोंदणीचा कर. मूळ किमतीच्या दुपटीच्या पुढे जातो आकडा. परदेशातल्या लिलावाचा भाव बघून आपण खूश होतो, पण आपण भरलेला कर तो लिलावातला गिऱ्हाईक आपल्याला परत देणार नाही. आपल्याकडे खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवायची. आणि २०२१ च्या नियमांप्रमाणे "व्हिंटेज" म्हणून नोंद व्हायला गाडी ५० वर्षांची हवी, तीही मूळ रूपात. पंधरा आणि पन्नास यांच्या मधली पस्तीस वर्षं ती गाडी फक्त एक जुनी गाडी असते. गाडी घेणारा मुलगा आज तिशीचा असेल तर व्हिंटेज होईपर्यंत तो ऐंशीचा झालेला असेल.

दुसरं, वहीत काय लिहितात ते बघा. गाडी फर्मच्या नावावर घेतात आणि वर्षाला १५ टक्के घसारा लावतात. म्हणजे वहीत दर वर्षी किंमत घटते असं लिहायचं आणि जेवताना किंमत वाढते असं सांगायचं! दोन्हीतलं एक तरी खोटं आहे. स्वतःच्या नावावर घेतली, तर आपल्या आयकर कायद्यात स्वतःच्या वापराची गाडी भांडवली मालमत्ता धरत नाहीत. विकून नफा झाला तर कर नाही, तोटा झाला तर तो दाखवता येत नाही. पण त्यासाठी ती खरोखर वापरायची हवी. "ही गुंतवणूक आहे, मी हात लावत नाही" असं एकदा म्हटलं की ती सवलत मागायला तोंड कुठलं? मुलाला एवढा एकच प्रश्न विचारा: वापरायला घेतोस की ठेवायला? एकदाच उत्तर दे, आणि तेच सगळीकडे लिही.

शिवाय ही अशी ठेव आहे की जिला व्याज नाही, लाभांश नाही, भाडं नाही. उलट तिलाच भाडं द्यावं लागतं. वातानुकूलित गॅरेज, विमा, बॅटरी उतरू नये म्हणून कायम लावलेला चार्जर, उभी राहून राहून खराब होणारे टायर, बाहेरून बोलावलेला मेकॅनिक. चालवली तर किलोमीटर वाढतात आणि भाव उतरतो. म्हणून चालवायची नाही. ज्या गाडीने दोनशेच्या वेगाने धावायचं, ती चादर पांघरून झोपलेली. याला वाहन म्हणायचं का? वाहून नेण्याचं काम तर आपण करतो, तिला.

आणखी एक पद्धत ऐकली, तेव्हा माझा विश्वास बसेना. खास मोजक्या गाडीच्या यादीत नाव यावं म्हणून कंपनीच्या आधीच्या गाड्या विकत घेऊन "निष्ठावान गिऱ्हाईक" व्हावं लागतं. आमच्या ओळखीच्या एका घरात मुलाने यादीत नाव यावं म्हणून नको असलेली गाडी घेतली, आणि त्या हप्त्यासाठी आईच्या नावावरची ठेव तारण ठेवली. ती यादी अजून लागलेली नाही. आईला कागद कशाचा होता हे सही करून झाल्यावर कळलं. मी हा लेख लिहायला बसले ते त्या बाईंमुळे. त्या मला म्हणाल्या, "मुलगा काही वाईट नाही, त्याला वाटलं घराचं भलं होईल." तेच तर दुखणं आहे. लोभ आता गुंतवणुकीचे कपडे घालून येतो, त्यामुळे चांगल्या मुलांनाही ओळखू येत नाही.

आता धर्माचं.

आपल्या पाच अणुव्रतांतलं पाचवं परिग्रह-परिमाण. गृहस्थाने सगळं सोडावं असं आपला धर्म म्हणत नाही. मुनी सोडतात. आपण फक्त मर्यादा घालायची: जमीन इतकी, सोनं इतकं, धन-धान्य इतकं, त्याच्या पुढे नाही. रोजच्या नियमांत तर वाहनाचा स्वतंत्र उल्लेख आहे. श्वेतांबर परंपरेतल्या चौदा नियमांत वाहन आहे. दिगंबर श्रावकाचारातही भोगोपभोगाच्या नियमांमध्ये भोजनाच्या बरोबरीने वाहनाचं नाव येतं. आपल्या सासवा सकाळी नियम घ्यायच्या, आज इतक्या वाहनांत बसेन, त्यापलीकडे नाही. त्या काळी घरात एक सायकल होती, तरी नियम घ्यायच्या. आज दारात तीन गाड्या आहेत आणि नियम घेणारं कुणी नाही.

आता "लिमिटेड एडिशन" हा शब्द मराठीत करून बघा. मर्यादित आवृत्ती. मर्यादा आहे, पण कुणावर? मालावर. आणि ती घातली कुणी? विकणाऱ्याने. कशासाठी? घेणाऱ्याची मर्यादा सुटावी म्हणून! आपल्याकडे श्रावक स्वतःवर मर्यादा घालतो म्हणजे मन शांत राहतं. तिथे कारखाना मालावर मर्यादा घालतो म्हणजे मन पेटतं. शब्द एकच, पण दिशा बरोबर विरुद्ध. म्हणून मी वर म्हटलं, धर्माच्या हिशोबाने हे उलटं आहे.

तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी परिग्रहाची व्याख्या वस्तूने केलेलीच नाही, मूर्च्छेने केली आहे. वस्तूवर जीव गुंतून भान हरपणं म्हणजे परिग्रह. म्हणून गाडी पन्नास हजारांची आहे की पन्नास कोटींची हा मुख्य प्रश्नच नाही. रोज दवाखान्यात जायला वापरलेली साधी गाडी घरात असूनही मूर्च्छा नसू शकते. आणि चादरीखाली ठेवलेली, जिच्यावर एक ओरखडा पडला तर रात्रभर झोप येत नाही, तिच्यात मूर्च्छेशिवाय दुसरं काही नाही. आपल्या शास्त्रात रौद्रध्यानाचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यात हिंसेचा, असत्याचा, चोरीचा आनंद तर आहेच, पण चौथा आहे परिग्रहाच्या रक्षणाचा आनंद. जमवलेलं राखण्यात रमणं. हे हिंसेच्या पंक्तीला का बसवलं असेल, याचा मी पुष्कळ वर्षं विचार करत होते. गाडीला पाहारा देणाऱ्या माणसांकडे पाहिलं की कळतं.

आणि ही वस्तू हवी का, तर दुसऱ्याकडे नाही म्हणून. ७९९ लोकांकडे आहे यात आनंद नाही, बाकी कुणाकडे नाही यात आनंद आहे. दुसऱ्याच्या नसण्यावर उभा असलेला आनंद मैत्री भावनेत कुठे बसवणार? त्यात आतल्या कातड्याचं तर मी अजून बोललेच नाही. अशा बहुतेक गाड्यांच्या आसनांना खरं कातडं असतं. पाणी गाळून पिणाऱ्या घराने, पाकिटातला चामड्याचा पट्टासुद्धा देवळाबाहेर ठेवणाऱ्या घराने, हे विचारायला नको?

आता तुमचे प्रश्न.

"आपला समाज सचोटीने कमावतो, मग खर्च करायला कुणाची चोरी?" कुणाची नाही. २०२५ मध्ये जितो या आपल्या संघटनेने एकत्र सौदा करून १८६ आलिशान गाड्या घेतल्या आणि सुमारे २१ कोटींची सवलत मिळवली, याचं देशभर कौतुक झालं. सौदा करण्याची हुशारी आपल्या रक्तातच आहे, मलाही हसू आलं वाचून. तिथे निदान गाड्या वापरायला घेतल्या आणि भाव पाडून घेतल्या. मोजक्या गाडीच्या बाबतीत तर आपण रांगेत उभे राहून भाव चढवून घेतो. व्यापारी माणसाला हे शोभतं का? तरी एक विचारते. २१ कोटी वाचले हे सगळ्यांनी छापलं. जवळपास दीडशे कोटी गेले, हे कुणी मथळ्यात लिहिलं नाही.

"मग देवळात बोली लावतोच की आपण. पहिल्या अभिषेकाचा मान एकालाच मिळतो. तीही लिमिटेड एडिशनच." हा प्रश्न मला माझ्या भाच्याने विचारला आणि प्रश्न चांगला आहे. बोलीतही अहंकार शिरतो, तो शिरला तर तोही दोषच. पण बोलीचे पैसे हातातून सुटतात. जीर्णोद्धाराला, पाठशाळेला, औषधाला जातात. बोली लावणारा घरी जाताना रिकाम्या हाताने जातो आणि त्याने विकत घेतलेलं तो पुढे कुणाला विकू शकत नाही. गाडीच्या लिलावात पैसे कुलपात राहतात, फक्त आकार बदलतो. मर्सिडीजने २०२२ मध्ये आपल्या संग्रहातली १९५५ ची एक गाडी, जिच्या दोनच बनल्या होत्या, साडेतेरा कोटी युरोंना विकली आणि तो पैसा मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी ठेवला. जगातली सगळ्यात महाग गाडी! तिचा खरा उपयोग कधी झाला? सोडली तेव्हा.

"गाडी ही कला आहे, कारागिरी आहे." आहे. सुंदर गोष्टीला सुंदर म्हणायला कर लागत नाही. वेरूळच्या जैन लेण्यांमध्ये आपण तासन्‌तास उभ्या राहतो, त्यातला एक खांब घरी आणावा असं मनात येत नाही. तशा गाड्याही संग्रहालयात बघाव्यात, शर्यतीत बघाव्यात. डोळ्यांना परिग्रह लागत नाही, मुठीला लागतो.

आणि शेवटचा प्रश्न कुणी विचारला नाही तरी मीच विचारते, आपल्यालाच. "बाई, एकच पीस आहे, पुन्हा यायचा नाही," असं पैठणीच्या दुकानात ऐकलं की आपला हात पर्सकडे कसा जातो? सोनाराने "या नक्षीचे फक्त दहा हार केलेत" म्हटलं की? युक्ती तीच आहे, फक्त चाकं नाहीत. मुलाला गाडीबद्दल सांगायचं तर आपल्या कपाटाचं दार उघडं ठेवून सांगावं लागेल. मुलं ऐकत नाहीत, बघतात.

तर करायचं काय? मी उपदेश करून थांबणारी नाही, तीन कामं सांगते.

पहिलं, न वाचता सही करायची नाही. भागीदार असा, जामीन असा, नुसती आई असा. कागद घरी ठेवून घ्या, एक रात्र जाऊ द्या, कशासाठी आणि परत कसे येणार हे मुलाच्या तोंडून ऐका. राग आला तर येऊ दे, जेवायला येईलच.

दुसरं, "गुंतवणूक" म्हटलं की वही मागायची. घेण्याचा खर्च, वर्षाचा सांभाळ, तेवढेच पैसे मुदत ठेवीत किंवा धंद्यात ठेवले असते तर काय आले असते, हे तीन आकडे एका पानावर. ज्या गुंतवणुकीचं एक पान लिहिता येत नाही, ती हौस आहे. हौस असेल तर हौस म्हणा आणि हौसेच्या मापाने करा.

तिसरं, या दशलक्षण पर्वात, किंवा पर्युषणात, आपापल्या परंपरेप्रमाणे, घरातल्या सगळ्यांनी बसून वाहनांचं परिमाण लिहायचं. आमच्या घरी इतकी वाहनं, त्यापुढे नाही. नवं आलं तर जुनं जाईल. उत्तम आकिंचन्याच्या दिवशी आपण "माझं काही नाही" असं म्हणून प्रवचनाहून उठतो आणि बाहेर येऊन किल्ल्या शोधतो. त्याच दिवशी तो कागद लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. एरवी सह्या आपण करतो, या कागदावर त्यांनी करू देत.

तुमच्या घरी आकडा किती ठरला ते मला जरूर कळवा.

जय जिनेंद्र.